पोच

खंडाळा म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बोरघाट, पावसाळी धुके आणि चिक्कीचे पुडे येतात. माझा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरा ओलांडल्यावर शिरवळ लागते, आणि पुढे खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी जे तालुक्याचे गाव आहे ते आमचे. मोठा रस्ता झाल्यापासून गाडीतल्या माणसाला घाट कळतो, गाव कळत नाही.

तिथल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. घर उतरवायचे ठरले तेव्हा ती खाली आली. आत लग्नपत्रिका, वाळवी लागलेली पंचांगे, आणि तळाशी लाल कापडी बांधणीची एक लांबट वही. वही आजोबांची. आजोबांचा धंदा अर्ज लिहून देण्याचा. कचेरीच्या आवाराबाहेर सतरंजीचा तुकडा टाकून बसायचे, पुढ्यात उतरता डेस्क, दौत, टाक आणि टीपकागद. गाव त्यांना नावाने न हाकारता ‘रायटर’ म्हणे. वहीत १९५०च्या दशकातले अर्ज ओळीने टिपून ठेवले आहेत. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात तारीख आणि अर्जदार. दुसऱ्यात मजकुराचा गोषवारा: ‘वारसाची नोंद’, ‘तगाई’, ‘वाट बंद केल्याबाबत’, ‘जन्माच्या नोंदीची नक्कल’, ‘विहिरीचा गाळ’. तिसऱ्या रकान्याचे नाव ‘पोच’.

हा तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. कुठे ‘मिळाली’ असे बारीक अक्षरात आहे. कुठे ‘उद्या या’, कुठे ‘साहेब फिरतीवर’. कोणत्या कचेरीने पोच दिली नाही ते वहीत नाही आणि आता ते शोधण्यात अर्थही नाही. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. काम झाले की नाही यासाठी वहीत चौथा रकानाच नाही. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “काम होणं न होणं त्यांच्या हातात कुठं होतं? पोच मागणं तेवढं हातात होतं.”

तेव्हापासून गेली काही वर्षे, जमेल तसे, मी या तिसऱ्या रकान्याच्या मागे आहे. प्रश्न साधा आहे. आपल्या गावांनी आणि शहरांनी सरकारदरबारी काही मागायचे ते कसे मागितले, आणि मागितले असल्याचा पुरावा मागणाऱ्याच्या हातात कधीपासून राहू लागला? नगरपालिकांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांत अध्यक्षांच्या यादी असतात, इमारतींच्या कोनशिला असतात. खिडकीच्या अलीकडे उभा असलेला माणूस त्यांत क्वचितच दिसतो.

आधी शब्दच पाहा. अर्ज, फिर्याद, दाद, तक्रार, तगादा ही सगळी फारसी-अरबी वळणाची मंडळी. मराठेशाहीतल्या कागदांत धाकट्याने थोरल्याला लिहिताना ‘विनंती ऐसीजे’ किंवा ‘विज्ञापना ऐसीजे’ अशी सुरुवात असे. मागणारा पायरीच्या खाली, ऐकणारा वर. गोतसभेचा महजर मागणाऱ्याच्या हातात पडे हे खरे, पण तो निवाड्याचा कागद होता. रस्ता, दिवा, पाणी यांसाठी कागद करण्याची रीत नव्हती, कारण या गोष्टी मागण्याच्या मानल्याच जात नव्हत्या. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून पुण्यात हौद भरले. शहराला पाणी मिळाले ते धन्याची कृपा आणि पुण्याचे काम म्हणून. पाणपोई घालणाऱ्याकडे कोणी अर्ज करत नाही आणि ती बंद पडली म्हणून फिर्यादही करत नाही. शिवाय कुणी कोणत्या हौदाला शिवायचे हे जातीने ठरवलेले होते, त्यामुळे ते ‘शहराचे’ पाणी होते असे म्हणणेही अर्धेच खरे.

१८५०च्या २६ व्या कायद्याने गावांना नगरपालिका करून घेण्याची मुभा दिली. सातारची गादी खालसा होऊन चार-पाच वर्षे झाली होती, आणि १८५३ मध्ये सातारा शहरात नगरपालिका आली. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीतले तासगाव, खानापूर, वाळवे हे तालुकेही होते. आमचा खंडाळा वाई तालुक्याचा पेटा होता, त्यावर मामलेदाराऐवजी महालकरी. नगरपालिकेचे सभासद सरकारने नेमलेले, सूत्रे सरकारी अधिकाऱ्यांच्या हाती. पण एक नवी गोष्ट घडली. घरपट्टी देणाऱ्या माणसाला आपण दिलेल्या पैशाची पावती मिळू लागली. पैसे घेतल्याची पावती द्यायला सरकार पहिल्यापासून तयार होते. मागणे घेतल्याची पावती द्यायला त्याला पुढे दीडशे वर्षे लागली.

मागायलाही पैसे पडत. १८७० च्या कोर्ट फी कायद्याच्या परिशिष्टात अर्जांचे दर आहेत. शहराच्या साफसफाईसंबंधी किंवा सुधारणेसंबंधी नगरपालिकेच्या कमिशनराकडे अर्ज द्यायचा तर एक आण्याचे तिकीट. म्हणजे आपल्या दारातले गटार तुंबले आहे हे कळवण्याचीही किंमत ठरलेली होती. ते तिकीट चिकटवून त्यावर भोक पाडले की सरकारचे काम झाले. आजोबांच्या डेस्काच्या खणात तिकिटांचे तुकडे असत असे आत्या सांगते.

नगरपालिकेच्या आत बसून हा सगळा प्रकार बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहणारा पहिला मोठा माणूस म्हणजे जोतीराव फुले. आमच्या तालुक्याला हे नाते विशेष आहे, कारण सावित्रीबाई नायगावच्या, आणि नायगाव खंडाळा तालुक्यातले. जोतीरावांचे मूळ घराणे कटगुणचे, तेही साताऱ्यातलेच. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. त्याआधी, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. शहर देत नाही तर निदान मी देतो, असा तो सरळ हिशेब.

१८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. स्वागताच्या रोषणाईसाठी नगरपालिकेच्या पैशातून हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. सगळ्या सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला असे त्यांचे म्हणणे. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. त्याच वर्षी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल त्यांनी नगरपालिकेच्या प्रमुखाला लेखी पत्र दिले. मला या दोन्ही प्रसंगांत जाणवते ते हे, की फुले सभासद असूनही अर्जदारासारखे वागतात: म्हणणे लेखी देतात, दप्तरी ठेवायला लावतात. लेखी नसलेले मागणे हवेत विरते, हे त्यांना पुरते कळले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन आज आपण वाचू शकतो, ते याच सवयीमुळे.

त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) शेतीच्या अर्थकारणासाठी वाचला जातो. मी तो कचेरीचे वर्णन म्हणून पुन्हा वाचला. गोरा अधिकारी आरामात, सगळा कारभार खालच्या कारकुनांच्या हाती, आणि समोर अक्षरशत्रू शेतकरी. त्याचा अर्ज दुसरा लिहिणार, वाचणार तिसरा, आणि आपल्या कागदात काय लिहिले आहे हे ज्याचा कागद त्यालाच ठाऊक नाही. फुल्यांचा रोख जातीवर आहे आणि तो असायलाच हवा होता, कारण लिहिणारे सगळे एकाच जातीचे होते. माझे आजोबाही त्या लिहिणाऱ्यांच्याच बाजूचे. वहीतल्या अर्जदारांत सह्यांपेक्षा अंगठे जास्त आहेत. दोन-चार आणे घेऊन ते दुसऱ्याचे म्हणणे आपल्या भाषेत मांडत. ‘मायबाप सरकारचे चरणी’ हे शब्द अंगठा देणाऱ्याचे होते की आजोबांचे, हे आता कोण सांगणार?

१८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला, निवडून आलेले सभासद बसू लागले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांवर पुष्कळ लिहिता येईल. मी एकाच गावापाशी थांबतो. ते आमच्या डोंगराच्या पलीकडले, महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूरनंतर लागणारे महाड.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यातले. रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला: सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसे त्या गावात होती. कागदावर सगळे झाले होते. ठराव होता, सही होती, शिक्का होता. तळ्यावर मात्र काहीच बदलले नाही. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

या घटनेकडे आपण सामाजिक क्रांती म्हणून पाहतो आणि ती होतीच. पण अर्ज आणि सेवा यांच्या इतिहासात तिची जागा फार कमी जणांनी दाखवली आहे. मंजूर झालेली नागरी सेवा घ्यायला माणसे गेली होती. नवे काही मागितले नव्हते. परतताना त्यांना मार बसला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पुरी झाली त्या दिवशी. पुढे दिवाणी दावा झाला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. गावच्या तळ्याचे ओंजळभर पाणी, आणि त्यासाठी ठराव, मोर्चा आणि कोर्ट मिळून चौदा वर्षे. नगरपालिकेचा ठराव आणि नगरपालिकेची सेवा यांत केवढे अंतर असू शकते याचे याहून स्पष्ट माप मला दुसरीकडे सापडलेले नाही.

साताऱ्याने या सगळ्यावर एक वेगळेच उत्तर शोधून पाहिले होते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जिल्ह्यात, विशेषतः आजच्या सांगलीकडच्या गावांत, प्रतिसरकार चालले. त्याची न्यायदान मंडळे गावातच बसत. तिकीट नाही, वकील नाही, तारखा नाहीत. बांधाचा तंटा, सावकाराचा जाच, नांदवत नसलेली सून, सगळे चावडीवर सुटे. माझ्या लहानपणी याच्या आठवणी सांगणारी माणसे होती आणि त्यांचे डोळे चमकत. मीही त्यात भारावून जायचो. आज वाटते, त्या व्यवस्थेत वेग होता, जवळीक होती, पण मंडळाचा निर्णय चुकला तर वर जायला पायरी नव्हती आणि हातात कागद नव्हता. परकी राजवट उलथायला निघालेल्यांकडून आवक-जावकीची अपेक्षा करणे हा शुद्ध अरसिकपणा, हे मान्य. तरी लोक इंग्रजांच्या कचेरीवर का रुसले होते हे त्यावरून नेमके कळते. राज्य परके होते हे तर झालेच. पण अर्ज दिला की तो कुठे जातो ते कळत नसे, आणि प्रतिसरकारात तो डोळ्यांसमोर निकाली निघे.

स्वातंत्र्यानंतर कचेरी जवळ आली. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या झाल्या, १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. देवराष्ट्र्यात जन्मलेल्या आणि कऱ्हाडात वाढलेल्या या माणसाला गावकऱ्याचे हेलपाटे माहीत होते. साताऱ्याचा हेलपाटा वाचला की एक दिवसाची मजुरी वाचते, इतके ते साधे गणित. आजोबांच्या वहीत नेमक्या याच सुमाराला अर्ज कमी होत जातात. लोक ग्रामसेवकाला गाठून तोंडी सांगू लागले असावेत. मुले शाळेत जाऊन अर्ज लिहायला शिकली, हेही कारण असेल. आजोबांनी सतरंजी गुंडाळली ती कायमची.

गावाला ग्रामसभा होती हे आपण पटकन विसरतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमारास गावसभेत कोणीही उठून विचारू शकतो की खालच्या आळीच्या नळाचे काय झाले. त्या सभा कशा होतात हे मला ठाऊक आहे. कोरम नसतो, सह्या नंतर घेतल्या जातात, भांडण झाले की तहकूब. तरीही विचारलेला प्रश्न चारचौघांनी ऐकलेला असतो. तीही एक पोचच.

राज्य सरकारने २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचे ठरवले आणि पुढच्या दोनेक वर्षांत आमचा खंडाळा नगरपंचायत झाला. शेजारचे लोणंदही झाले. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या भाषेत हे ‘संक्रमणावस्थेतील क्षेत्र’. आमच्या भाषेत, ना धड गाव ना धड शहर. ग्रामसेवक गेला, मुख्याधिकारी आले. सरपंच गेला, नगराध्यक्ष आले, सतरा प्रभाग झाले. निधी वाढला, रस्ते झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. गेली ती ग्रामसभा. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली खरी, पण आपल्या प्रभागाची क्षेत्रसभा भरलेली पाहिली आहे असे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणजे गावाचे शहर झाले त्या दिवशी रहिवाशाचा चव्हाट्यावर विचारण्याचा हक्क गेला आणि त्याच्या हातात उरला फक्त अर्ज. या अदलाबदलीबद्दल गावात कोणी बोलल्याचे मी ऐकले नाही.

बोलायची गरज पडली नाही, कारण तिसरी वाट होती: नगरसेवकाला फोन. दिवा बंद आहे, कचऱ्याची गाडी आली नाही, नळाला गढूळ पाणी आहे. फोन केला की माणूस येतो. वाईट काय त्यात? काम झाले हे चांगलेच. पण ते उपकार म्हणून झाले. ज्याच्याकडे फोन लावण्याइतकी ओळख नाही त्याचे राहिले. आणि महत्त्वाचे म्हणजे कुठेच नोंद झाली नाही. एकाच गल्लीतून वर्षात वीस वेळा गढूळ पाण्याची तक्रार गेली असेल तर जलवाहिनी कुठेतरी गटाराजवळ फुटली आहे हे कागदावरून दिसते. वीस फोन वीस जणांच्या कानात विरतात. पोच ही अर्जदाराच्या समाधानासाठी असते असे आपण समजतो. तिचा खरा उपयोग गावाला असतो.

नोंदीचे महत्त्व ज्यांना कळले अशी माणसे सरकारातही होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी भाषणे केली नाहीत, दप्तर आवरले. जुन्या कागदांची वर्गवारी केली: कायम ठेवायचे, तीस वर्षे ठेवायचे, दहा वर्षे ठेवायचे, वर्षभरात नष्ट करायचे. रेकॉर्ड रूममध्ये हवा तो गठ्ठा सापडू लागला, आणि जी नक्कल मिळायला महिने लागत ती झटपट मिळू लागली. याच शिस्तीतून ‘सहा गठ्ठे पद्धत’ कचेऱ्यांत रुजली: चालू कामाचे प्रलंबित, उत्तराच्या प्रतीक्षेतले, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायचे, नष्ट करायचे. ऐकायला रुक्ष. पण टेबलावर एकच ढीग असेल तर तुमचा अर्ज त्यात कुठे आहे हे कारकुनालाही सांगता येत नाही, आणि मग तो ‘उद्या या’ म्हणतो. ‘उद्या या’ म्हणणारा प्रत्येक जण लाचखाऊ असतो असे नाही; अनेकदा त्याला कागद सापडत नसतो आणि तसे कबूल करायची लाज वाटत असते. आजोबांच्या वहीतल्या ‘उद्या या’कडे मी आता जरा मऊपणे पाहतो.

खटाव तालुक्यातल्या निढळचे चंद्रकांत दळवी २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त असताना त्यांनी हीच गोष्ट पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत ‘झिरो पेंडन्सी’ या नावाने लावून धरली. गठ्ठे लावा, आजचे काम आज संपवा. पुढे शासनाने ती राज्यभर न्यायची ठरवली. आमच्या भागातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी मला सांगितले, “आम्ही त्या महिन्यात जे कपाटामागून काढलं, ते आमच्या सासऱ्यांच्या काळातलं होतं.” त्यांचे सासरेही त्याच खात्यात होते.

यंत्रेही आली. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातल्या कोल्हापूर-सांगलीच्या सत्तर गावांत संगणक जोडण्याचा प्रयोग झाला, त्याचा तेव्हा फार बोलबाला होता. २००२ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने नागरी सुविधा केंद्र काढले, एकाच खिडकीवर सगळे अर्ज, आणि तो नमुना राज्यातल्या इतर शहरांनी उचलला. मला यंत्रांच्या कथेत फार रस नाही. संगणकाने अर्जाला क्रमांक दिला, एवढेच मी त्यातून घेतो. बारनिशीच्या वहीतही क्रमांक असे, पण ती वही खिडकीच्या आत असायची.

खरा बदल कायद्याने केला, आणि तो तीन पावलांत झाला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राला माहितीचा अधिकार मिळाला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये यायच्या आधीच. माझा अर्ज कुठे आहे, हे दहा रुपयांचे तिकीट लावून विचारता येऊ लागले. एक आण्यापासून दहा रुपयांपर्यंत आलो, पण या वेळी तिकीट लावणाऱ्याला उत्तर देणे भाग होते. दुसरा कायदा बदल्यांचा आणि विलंबाचा. लोक त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात दिवसांहून जास्त पडून राहू नये असे तो म्हणतो. तिसरा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. जन्माचा दाखला तीन दिवस, नळजोडणी पंधरा दिवस, अशा मुदती नगरपालिकांना ठरवून दिल्या. मुदत चुकली तर तीस दिवसांत अपील, त्यावर दुसरे अपील, त्यावर आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड.

दंडाच्या कलमाची चर्चा वर्तमानपत्रांत पुष्कळ झाली. माझे बोट थांबले ते आधीच्या एका कलमावर. अर्ज मिळाल्याची पोच दिली पाहिजे, तिच्यावर अर्ज मिळाल्याची तारीख आणि ठिकाण, अर्जाचा क्रमांक आणि सेवा कोणत्या मुदतीत मिळेल ते लिहिले पाहिजे, असे ते सांगते. मी ते दोनदा वाचले. आजोबांचा तिसरा रकाना कायद्यात आला होता. मुदत मोजायची तर ती कुठल्यातरी दिवसापासून मोजावी लागते, आणि तो दिवस पोचेवर असतो. पोच नाही तर मुदत नाही, मुदत नाही तर अपील नाही, आणि आयोग, दंड हे सगळे मग दूरच.

आणि म्हणूनच अडते ते नेमके इथे. सात वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, घरपट्टीच्या रजिस्टरला वारसाची नावे लावायला मी एका नगरपालिकेत गेलो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते कुठलेही असू शकते. कारकून सभ्य होता. बसा म्हणाला, चहा विचारला, कागद तपासले, म्हणाला, “ठेवून जा, बघतो.” मी दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. त्याचा चेहरा उतरला. “साहेब, विश्वास नाही का?”

खरे सांगतो, मी ओशाळलो. मराठीत ‘पोच’ला दुसरा अर्थ आहे, आणि ‘याला काही पोच नाही’ असे ज्याच्याबद्दल म्हणतात तो माणूस मीच, असे वाटले. चहा देणाऱ्या माणसाकडे शिक्का मागायचा? दुसरी प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि निघालो. आठ महिन्यांनी गेलो तेव्हा तो कारकून बदलून गेला होता आणि माझा अर्ज कोणालाच माहीत नव्हता. पुन्हा अर्ज केला, या वेळी शिक्का घेतल्याशिवाय हललो नाही. बाराव्या दिवशी नावे लागली. काम अवघड नव्हतेच. दीडशे वर्षांचे कायदे पाठ असलेला मी त्या चहाच्या कपापुढे हरलो होतो. ज्याला त्या कचेरीत कोणी बसाही म्हणत नाही तो पोच कुठल्या तोंडाने मागेल, हे मला तेव्हा जरा कळले.

आता बहुतेक अर्ज ऑनलाइन जातात आणि पोच आपोआप मोबाइलवर येते. ओशाळायचा प्रश्न मिटला असे वाटते. गेल्या पावसाळ्यात मी एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात दोन तास बसून होतो. सगळीकडे सध्या कोतवाल बुकाच्या नकलांसाठी धावपळ आहे. गावच्या जन्म-मृत्यूच्या त्या जुन्या नोंदीत पणजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली सापडते, आणि आजच्या नातवाचा दाखला तिच्यावर अवलंबून असतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणा कोतवालाने सांगितलेली आणि कुणीतरी मोडीत लिहून ठेवलेली एक ओळ. केंद्रात दहा-बारा माणसे उभी होती. निम्म्यांकडे मोबाइल होता, पण अर्ज भरायला ती केंद्रातल्या पोरापुढेच बसत. एका आजीबाईंनी पिशवीतून रेशनकार्ड काढले, त्याने त्यांचे म्हणणे दोन ओळींत टाइप केले, अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. संदेश त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर गेला; मुलगा पुण्याला, कंपनीत. आजींनी विचारले, “मला कागद नाही का?”

त्याने डावीकडचा खण उघडला आणि एक लांब वही काढली. संगणक समोर असताना वही कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, “सर्व्हर बंद असला की लोक मलाच विचारतात. आणि आजींना मेसेज कोण वाचून दाखवणार?” त्याने वहीत नाव लिहिले, कशाबद्दल ते लिहिले, तिसऱ्या रकान्यात टोकनचा नंबर टाकला. मग तोच नंबर एका चिठ्ठीवर लिहून तारीख घातली आणि आजींच्या हातात दिली. आजींनी ती घडी करून कनवटीला लावली आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.